बाळंतिणीच्या खोलीची हवा

वरकुटे,
सोमवार, सकाळ

प्रिय स्वरू,

तू विचारलंस त्याला आज नववा दिवस. "आबा, पप्पा एसीला तो भारी फिल्टर बसवतायत, साडेसात हजारांचा. खरंच उपयोग होतो का, की दुकानदार गळ्यात मारतो? तुम्ही सांगितलं तर पप्पा ऐकतील." मी 'बघतो' म्हणालो आणि तुझ्या पायांच्या सुजेकडे विषय वळवला. तुला आठवा लागलाय. शुक्रवारी तुझे वडील गाडी घेऊन बारामतीला येणार, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तू इथं येऊन त्याच खोलीत उतरणार. त्या खोलीतली हवा तू घेणार आणि तुझं बाळ घेणार. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं होतं. ते मला येतही होतं, पण तोंडातून निघालं नाही. आपल्या घरात फोन ओट्यावर ठेवून, स्पीकर लावून बोलतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण सांगायला मला हे सगळं पत्र लागेल.

फिल्टर गेल्या मंगळवारी बसलाही. तुझ्या वडिलांनी खोलीला नवा पिस्ता रंग दिलाय. खिडक्यांच्या फटींवर खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी दोन पदरी मारलीय, दाराखाली रबर ठोकलंय. तुझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली दाखवते आणि म्हणते, "मुंगीला बी वाट ठिवली न्हाय." दार लावलं की आत कसलाच आवाज येत नाही. परवा मी पाच मिनिटं एकटा बसून पाहिलं. बाहेर बैल ओरडत होता, त्याचं नुसतं तोंड हललेलं दिसलं काचेतून. मी उठून बाहेर आलो.

तुला ठाऊक आहे, माझं डोकं अजून चौथीच्या वर्गातच बसलेलं असतं. गुरुजी छडीनं टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायचो. पुढं पाटबंधारे खात्यात मोजणीदार झालो, नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेनं तीस वर्षं चाललो, ते त्याच कवितांच्या चालीवर. त्या कवितांत वारा आला की तो मंदच असायचा, झुळूक आली की शीतलच. मी म्हाताऱ्यानं ते खरं मानलं. हवेत वाईट काही असलं तर ते दिसेल, निदान नाकाला कळेल, असं मी सत्त्याहत्तर वर्षं धरून चाललो.

दिसणारं वाईट आपल्याकडं भरपूर आहे म्हणा. ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं. ते कुजवायला कुणाला धीर नसतो, काडी लावतात. फाल्गुन-चैत्रात चहूबाजूंनी धूर उठतो आणि काळ्या चिंध्या उडत येतात. दोरीवरच्या धोतरावर, पाण्याच्या हंड्यात, भाकरीवर. तुझ्या वडिलांनी गेल्या साली तो एसी घेतला तो ह्याच काजळीसाठी. घरात बाळंतीण होती ना. तुझी वहिनी रेश्मा.

तिची गोष्ट तुला माहीत आहे, पण घरानं सांगितली तेवढीच. तू तेव्हा बारामतीला कामावर होतीस, आलीस तोवर सगळं उरकलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

चैत्र लागला होता. ऊन असं की कोंबड्या चोच उघडून बसायच्या. राजवर्धनला मुलगी झाली, आणि तुझा भाऊ बापडा पेढ्यांचा पुडा घेऊन गावभर फिरला. रेश्मा इंदापूरच्या दवाखान्यातून घरी आली. तिची आई तेव्हा अंथरुणाला होती, म्हणून बाळंतपण माहेरी डाळजला न करता सासरीच केलं. नातीला ऊन नको, काजळी नको, म्हणून खोलीत एसी. पहिल्या दिवशी अर्धी आळी नुसती गार हवा खायला आत येऊन बसली. नकोशी तेवढी रुसली. बाळंतिणीला आणि लेकराला न्हाऊ घालायला तीच येते, तुलाही तिनंच न्हाऊ घातलंय. ती म्हणाली, "ह्या गारठ्यात लेकराच्या छातीत कफ धरंल. मला इचारता तर त्यो डबा बंद करा." तुझे वडील म्हणाले, "मावशे, अठ्ठेचाळीस हजार मोजल्यात." मग तोड निघाली. एसी चालू ठेवायचा, आणि बाजेखाली शेगडी.

तोड कुणी काढली ते मागाहून सांगतो.

शेगडी ही आपल्याकडची जुनीच रीत. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. तुझी आजी कौसल्या पाच वेळा त्या बाजेवर बसली. पण तेव्हा आपलं घर माळवदाचं होतं. वर झरोका होता, दाराला दोन बोटं फट होती, भिंतीतून चिमण्या ये-जा करायच्या. धूर सरळ उठून झरोक्यातून जायचा आणि त्यात उन्हाची तिरीप पडली की मला ती निळी उभी रेघ फार सुंदर दिसायची. आता त्या जागी स्लॅब आहे, अॅल्युमिनियमच्या खिडक्या आहेत, आणि गेल्या साली त्या खिडक्यांनाही काजळी येऊ नये म्हणून पट्टी मारलेली होती. नकोशी न्हाऊ घालून बाहेर आली की पदरानं तोंड पुसत म्हणायची, "वरनं माघ, खालनं वैशाख. लेकरानं मदीच कुटं ऱ्हायाचं?" आम्ही सगळे हसायचो. धुराचं कुणी विचारलंच, तर तुझी आई वर भिंतीकडं बोट दाखवायची, "त्यात जाळी हाय की. ती वढून घेती सगळं." आणि खरंच, धुराचा वासही थोड्या वेळानं राहायचा नाही. आम्हाला वाटायचं, हवा शुद्ध झाली.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रेश्मा म्हणायला लागली, डोकं ठणकतंय. उलटीसारखं होतंय. बाळ दूध ओढत नाही, नुसतं झोपतं. "वली बाळंतीण हाय, व्हायचंच," असं नकोशी म्हणाली आणि शेगडीत दोन निखारे वाढवले. मी रोज दुपारी दारातून डोकवायचो. बाळाचे गाल असे गुलाबी दिसायचे की आळीतल्या बायका काजळाची तीट लावून जायच्या. मी बारशासाठी पाळणा रचत होतो. दोनच ओळी जमल्या होत्या:

उसाच्या पाटावर चांदणं सांडलं,
आमच्या पाळण्यात कुणी गं मांडलं?

बारसं बाराव्या दिवशी होतं. दहाव्या दिवशी दुपारी ती गेली. नाव नसतानाच गेली.

घरात सांगतात ती गोष्ट अशी. चारच्या चहाला तुझी आई खोलीत गेली. रेश्मा मेल्यासारखी झोपलेली, हलवली तरी उठेना, आणि तिच्या कुशीला लेकरू गार पडलेलं. रेश्माला ओढून बाहेर अंगणात आणली तेव्हा ती भेलकांडत होती, भडाभडा ओकली, आणि "काय झालं, काय झालं" एवढंच म्हणत होती. मग कुणीतरी बोललं, की आईची कूस गेली लेकरावर, झोपेत ती त्याच्या अंगावर वळली. आई असून एवढी झोप कशी लागते, असं दुसरी कुणीतरी बोलली. रात्रीपर्यंत ते सगळ्यांचंच मत झालं, आणि महिन्याभरात रेश्माचंही. ती जेवायची नाही, निजायची तर मुळीच नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "आबा, मला झोपंची लई भीती वाटतीया. म्या झोपले की कोनतरी मरतंय." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढंच केलं. ज्येष्ठात तिचा भाऊ येऊन तिला डाळजला घेऊन गेला. दहा महिने होत आले. राजवर्धन एकदाही आणायला गेला नाही, आणि घरात तो विषय निघाला की तुझी आई भांड्यांचा आवाज वाढवते.

तुझ्या वडिलांच्या मनात मात्र वेगळी शंका आहे, आणि ती त्यांनी फक्त मला बोलून दाखवली. त्यांना वाटतं, सूनबाईचा दोष नसावा, त्या आठवड्यात शेजारच्या वीस एकराचं पाचट जळत होतं, तो धूर आत शिरला असावा, आणि साध्या जाळीला तो पेलला नसावा. म्हणून यंदा हा भारी फिल्टर. म्हणून पट्टी दोन पदरी. तुझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी ती खोली गेल्या सालापेक्षा घट्ट बंद केलीय.

आता मंगळवारचं सांगतो. फिल्टर बसवायला दादासाहेब आला होता. भवानीनगरचा पोरगा, एसी-फ्रीजची कामं करतो, बोलण्यात मिठ्ठास आहे. त्यानं एसीचं तोंड उघडून जुनी जाळी काढली. तिच्यावर बोटभर काळा थर. "आबा, धुतली कवा हिला?" म्हणाला. कुणीच धुतली नव्हती. "दर पंधरा दिसांनी नळाखाली धरायची आन् सावलीत वाळवायची. येवढं केलं तर निम्मं काम फुकटात हुतं." मग मी तुझा प्रश्न त्याला विचारला, की साडेसात हजार वाया गेले का? तो म्हणाला, "वाया न्हाय म्हणत म्या. बारीक धूळ, काजळी, फुलातलं परागकण, हे धरंल. दम्याच्या माणसाला बरं वाटंल. पर सहा म्हैन्यांनी नवा घालायचा, आन् भरला तरी तसाच ठिवला तर हवाच सोडायचा न्हाय, बरफ धरंल, पानी गळंल." हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, बाळ. दुकानदारानं अगदीच फसवलं नाही. काजळीपुरतं त्या वस्तूत तथ्य आहे.

मी तिथंच थांबलो असतो. पण माझ्या तोंडून गेलं, "आन् शेगडीचा धूर?" दादासाहेब हसला. "आबा, एसीच्या खोलीत कोन शेगडी लावतंय!" मी हसलो नाही हे बघून तो शिडीवरून खाली उतरला. "धूर थोडाफार धरंल. पर निखाऱ्याचा जो वायू आसतो ना, त्याला रंग न्हाय, वास न्हाय. त्याला जगातली कंची बी जाळी धरत न्हाय. धूर दिसनासा झाला की मानूस म्हनतं हवा साफ झाली, आन् वायू तितंच आसतो. आन् ह्यो एसी भायरची हवा आत घेतो आसं वाटतं का तुमाला? घेत न्हाय. हितलीच हवा वढतो, गार करतो, हितंच सोडतो. दार-खिडक्या बंद म्हंजी तीच ती हवा, फिरून फिरून." मग त्यानं त्याच्या सासुरवाडीकडच्या दोघा भावांचं सांगितलं. थंडीत घमेल्यात कोळसे घेऊन पत्र्याच्या खोलीत निजले. "आदी डोकं दुकतं, वकारी येती, मग झोप लागती आबा. अशी झोप की हाका मारून उपेग न्हाय. दोगांची बी त्वांडं लालबुंद, जित्यापरीस तजेलदार."

मी बाजेवर बसलो. त्यानं पाणी आणून दिलं.

त्याच संध्याकाळी मी जेवताना म्हणालो, यंदा शेगडी नको. तुझ्या वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. "आबा, गेल्या साली शेगडीसाठी आडून कोन बसलं व्हतं? तुमीच ना? आता तुमालाच भ्या वाटाया लागलं व्हय?" मी दादासाहेबाचं बोलणं सांगितलं. "आवं, मिस्त्री लोकं दहा गोष्टी सांगत्यात. ह्यो फिल्टर पुण्याच्या दवाखान्यात बसवत्यात." तुझी आई म्हणाली, "पोरगी पयल्या बाळंतपनाला येनार आन् तिला शेक न्हाय? लोकं काय म्हनतील?" दुसऱ्या दिवशी नकोशी शेगडी मातीनं सारवत बसलेली दिसली. शेजारी आणखी एक नवी. "ह्या टायमाला दोन लावू आबा. सोरूपा नाजूक हाय." मी काही बोललो तर ती लाडानं म्हणाली, "तुमी तुमच्या कविता म्हना, बाळंतपनाचं आमाला बगू द्या." त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, स्वरू. त्यांच्या लेखी त्या शेगडीनं कधी कुणाचं वाईट केलेलंच नाही. गेल्या साली खोलीत शेगडी पेटलेली होती हे त्यांना ठाऊक आहे, पण त्या दुपारी ती विझलेली होती, बाहेर होती, असं ते समजतात. कारण तसं त्यांना सांगितलं गेलंय.

ते मी सांगितलंय.

शेगडीची तोड माझी. कौसल्येची आठवण काढून, माळ्यावरून ती शेगडी मीच उतरवली, आणि खिडक्यांना पट्टीही मीच मारली, स्टुलावर चढून, गुणगुणत. त्या दुपारी चार वाजता तुझी आई खोलीत गेली, पण तिच्याआधी साडेतीनला मी गेलो होतो. पाळण्याच्या त्या दोन ओळी रेश्माला वाचून दाखवायच्या होत्या. दोघी झोपलेल्या होत्या. बाळ गुलाबी होतं. माझं डोकं गरगरलं, मला वाटलं उन्हातून एकदम गारव्यात आलो म्हणून. वाकून पाहिलं तर बाजेखाली निखारे लाल. उगाच चटका बसायचा लेकराला, असं मनात आलं, म्हणून मी शेगडी उचलली, गोठ्यामागं नेऊन राखेत उलटी केली. आणि बाहेर येताना गारवा जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. डोकं दुखत होतं, म्हणून जाऊन पडलो. मी दार उघडं टाकलं असतं, बाळाला नुसतं उचलून अंगणात आणलं असतं, तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. तेव्हा ती जिवंत होती की नव्हती, तेही माहीत नाही. मी तिला हात लावला नाही, ती दचकेल म्हणून. संध्याकाळी इंदापूरचा तरुण डॉक्टर आला. त्यानं बाळाच्या गालांकडं बराच वेळ पाहिलं, रेश्माच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "दुपारी खोलीत काही पेटलेलं होतं का?" सगळे माझ्याकडं वळले, घरातला मोठा म्हणून. मी म्हणालो, नाही, शेगडी सकाळीच बाहेर काढली होती. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. तेव्हा मला वायूबियू काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की शेगडी माझ्या हट्टाची आहे. पण त्याच्या मागून बायका कुशीचं बोलायला लागल्या, तेव्हा मी गप्प बसलो, आणि माझ्या खोट्याचा भार रेश्मावर पडतोय हे तेव्हा मला पुरतं कळत होतं.

मंगळवारपासून मी निम्मं सांगून पाहिलं, आणि निम्म्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पुरतं सांगितल्याशिवाय ती खोली कुणी उघडणार नाही. शेगडी विहिरीत फेकली तर नकोशी दुसरी आणील. ती घरोघर जाते, आणि गावात यंदा सात घरांत एसी बसलेत. म्हणून हे पत्र. दादासाहेब उद्या सामान आणायला बारामतीला येतोय, तो तुझ्या हातात देईल. मी शुद्धीवर लिहिलंय. शुक्रवारी तुझे वडील आले की गाडीत बसू नकोस, आधी हे त्यांना वाचायला दे, शेवटपर्यंत. बाळंतपण बारामतीलाच होऊ दे. तिथंही खिडकी उघडी असू दे, काजळी आली तर येऊ दे, ती पुसता येते. मी गुरुवारी सकाळच्या गाडीनं डाळजला चाललोय. रेश्माला तू आधी फोन करू नकोस. तिची कूस लेकरावर गेली नव्हती, हे तिनं माझ्या तोंडून ऐकायला हवं, आणि नंतर मला काय म्हणायचं ते म्हणायला हवं. मी दारातच उभा राहीन, बस म्हणाली तरी बसणार नाही.

तुझाच,
आबा